गाण्यातून गणित, गणितातून हिशोब



या अंकातील पाठ गणिताचा आहे. मंडळीच्या पत्रकात गणित कशाला, असे कोणाला वाटेल. पण ज्या कातकरी पाड्यांवर आपले अभ्यासवर्ग चालतात, तेथील बरीच कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जाण्याआधी उचल घेतलेली असते, आठवड्याला खर्ची मिळते आणि मजुरी हजार विटांच्या दराने धरली जाते. हंगामाअखेर या तिन्हींचा मेळ घालतात. वही मालकाच्या हाती असते. ज्याला ती वाचता येत नाही, त्याच्या अंगावर काही ना काही बाकी निघते आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर जावे लागते. खोट्या तराजूविषयी नीतिसूत्रांचा ११वा अध्याय आरंभीच काय सांगतो, ते आपण जाणतो. म्हणून पाड्यावर गणित शिकवणे हे मला न्यायाचे काम वाटते.

गाणेच का?

या मुलांच्या घरची बोली काथोडी. शाळेत ‘एकोणसाठ’ हा शब्द कानावर पडतो, पण त्यात पन्नासही ऐकू येत नाहीत आणि नऊही. संख्यानामांची ही अडचण ओळखून २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीतही आली. पाटीपुढे गप्प बसणारे मूल तालावर मात्र बोलू लागते, कारण ताल त्याला घरूनच ठाऊक असतो.

ही रीत नवी नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली, ती गणिताची असूनही पद्यात. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख आपल्याच चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. पवित्र शास्त्रातील ११९वे स्तोत्र पाहा. इब्री वर्णमालेच्या २२ अक्षरांची २२ कडवी, प्रत्येकात ८ वचने, एकूण १७६. कडव्यातील प्रत्येक वचन त्याच अक्षराने सुरू होते. क्रम आणि संख्या यांच्या आधाराने पाठांतर टिकते, हे त्या कवीला माहीत होते.

पहिली पायरी : टाळी

आम्ही पाचाच्या पाढ्यापासून सुरुवात केली. मुलांनी आपल्या बोलीत गाणे जुळवले. त्याचे मराठी रूप असे :

एका हाताची बोटं पाच,
दोन हातांची दहा,
तिसऱ्या हाताला शेजारी बोलवा,
पंधरा झाली पाहा.

तिसऱ्या हातासाठी खरोखरच शेजारच्याला उठावे लागते. वीस होईपर्यंत दोघे उभे राहतात, चाळीसला चौघे. गुणाकार म्हणजे सारख्या गटांची बेरीज, हे असे डोळ्यांसमोर दिसते.

दुसरी पायरी : मधूनच विचारा

गाण्याचा एक धोका आहे. मूल पाढा सुरात म्हणते, पण ‘सात पंचे किती?’ विचारले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. त्याला चाल येते, संख्या आलेली नसते. म्हणून आम्ही गाणे मध्येच थांबवतो, उलटे म्हणवतो आणि तेवढे खडे मांडायला लावतो. खडे आणि गाणे जुळले, तरच पाढा आला असे समजतो.

तिसरी पायरी : अक्षरे मोजा

मोठ्या मुलांना सरासरी शिकवताना अभंग उपयोगी पडतो. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग गाणाऱ्या आपल्या मंडळींना हा घाट परिचयाचा आहे. एकूण अक्षरे २२, चरण ४, म्हणून सरासरी साडेपाच. पण साडेपाच अक्षरांचा चरण कुठेच नाही! मुले हसतात, आणि हसता हसता समजतात की सरासरी ही वाटणी आहे. ती संख्या प्रत्यक्षात असेलच असे नाही. सर्वांत जास्त वेळा येणारी संख्या सहा. तिला बहुलक म्हणतात. मग मुले घरची लग्नगीते आठवतात, ओळीओळींची अक्षरे मोजतात आणि खड्यांचे उभे मनोरे रचून आलेख काढतात.

चौथी पायरी : भट्टीची वही

आता तेच विटांना लावू. समजा, एका कुटुंबाने चार दिवस रोज १००० विटा पाडल्या आणि एक दिवस पावसाने गेला. बहुलक १०००, सरासरी ८००. ‘रोज हजार पाडतो’ हे बोलणे खोटे नाही, पण पाच दिवसांच्या विटा ४०००च होतात. हजाराला ६०० रुपये दर धरला, तर मजुरी २४०० रुपये. दीड हजार विटांचे किती? दिडकीत सहाला नऊ येतात, म्हणजे ९०० रुपये. जुनी दिडकी इथे कागदाशिवाय कामाला येते.

आमच्या वर्गातील पाचवीची एक मुलगी मागच्या हंगामात भट्टीवर गेली होती. दर हजार विटांना तिने वहीत एक रेघ ओढली, पाचवी रेघ आडवी. अखेरीस तिच्या रेघा आणि मालकाची वही यांत तीन हजारांचा फरक निघाला. एका हजाराचे पैसे मिळाले, दोन हजारांचे नाही. पण इतकी वर्षे मान खाली घालून अंगठा देणारे तिचे वडील त्या दिवशी म्हणाले, “शेठ, वही जरा दाखवा.”

आपण काय करू शकतो?

आपल्या मंडळीत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ असणारे आजी-आजोबा आहेत. ही संपत्ती त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नका. महिन्यातून एक शनिवार पाड्यावर या, मुलांना चालीवर शिकवा आणि त्यांची गाणी त्यांच्याकडून शिका. भट्टीवर निघणाऱ्या प्रत्येक मुलाला आम्ही वही-पेन्सिल देतो. त्यासाठी आपली देणगीही उपयोगी पडेल.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या आवडत्या गीताच्या ओळींतील अक्षरे मोजा. सरासरी आणि बहुलक सारखे येतात का?
२. आपल्याकडे काम करणाऱ्यांना त्यांचा हिशोब आपण त्यांना समजेल असा दाखवतो का?
३. आपले दिवस मोजायला शिकव, अशी विनवणी स्तोत्र ९० मध्ये आहे. दुसऱ्याच्या श्रमाचे दिवस प्रामाणिकपणे मोजणे हा तिचाच भाग आहे का?