पायथ्याचं घर : साताऱ्याने शिकवलेल्या नऊ गोष्टी

डोंबिवलीत राहून अकरा वर्षं मी शनिवारी रात्रीच्या शेवटच्या कसारा लोकलने डोंगर गाठले. कसाऱ्याला उतरायचं, जीप धरायची, रविवारभर रतनगड नाहीतर हरिश्चंद्रगड, आणि सोमवारी दुखऱ्या पायांनी पुन्हा लोकलच्या गर्दीत. 2018 साली साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या विभागात काम मिळत होतं. पगार 20 टक्क्यांनी कमी होता. साताऱ्यात नात्याचं, ओळखीचं कुणीच नव्हतं. पण मुलाखतीहून परतताना पोवई नाक्यावर उभी राहिले तेव्हा समोर अजिंक्यतारा होता, आणि संध्याकाळच्या उन्हात गडाच्या वाटेवर माणसं चढताना दिसत होती. मी होकार कळवला.

त्या होकारानंतरचं बरंचसं मला साताऱ्याने शिकवलं. काही गोष्टी आधी कळल्या असत्या तर पहिलं वर्ष सोपं गेलं असतं. डोंगराजवळ राहायला जायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी त्या लिहिते आहे.

1. घर उन्हाळ्यात पाहू नका

मी घर पाहिलं एप्रिलमध्ये. यवतेश्वरच्या बाजूला गच्ची, भरपूर वारा, भिंतींना नवा रंग. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच भिंतीला ओल आली, जुलैत कपाटातल्या सुती साड्यांवर बुरशी चढली आणि पश्चिमेच्या खिडकीतून पाऊस थेट अंथरुणावर येऊ लागला.

सातारा जिल्ह्याचा पाऊस समजून घ्यायला हवा. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग अडतात, त्यामुळे महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावच्या वाट्याला पर्जन्यछायेत जेमतेम 500 च्या आसपास येतो. सातारा शहर या दोहोंच्या मध्ये आहे. गावात रिमझिम असते तेव्हा 25 किलोमीटरवरच्या कास पठारावर हातभरावरचं दिसत नाही इतका पाऊस असतो. म्हणून चार किलोमीटर पश्चिमेला सरकलात तरी घराचा पावसाळा बदलतो. शक्य असेल तर जुलैत चार दिवस येऊन राहा. शेजाऱ्यांना विचारा, कपडे कुठे वाळवता? त्या एका उत्तरात घराची सगळी हकिगत कळते.

2. पगाराबरोबर पाळीही विचारा

डोंगरासाठी गाव बदलायचं तर उजेडाचे किती तास हाती उरतात, हा हिशोब पगाराइतकाच महत्त्वाचा. डोंबिवलीत माझे रोजचे तीन तास प्रवासात जायचे. इथे स्कूटरवर पंधरा मिनिटांत मी कारखान्यात असते. पहिली पाळी साडेतीनला सुटते. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, तरी त्याआधी गडावर जाऊन येणं होतं. सुट्टी रविवारी नसून गुरुवारी आहे. सुरुवातीला ते खटकलं, पण गर्दीच्या जागा गुरुवारी रिकाम्या मिळतात.

दुसरा हिशोब मात्र कडक ठेवा. मुंबईत एक नोकरी गेली तर दुसरी शोधायला शंभर दारं असतात. लहान शहरात माझ्या कामाला उपयोगी पडतील असे कारखाने मोजून दहा-बारा. म्हणून इथे आल्यावर पहिलं काम केलं ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाकण्याचं. त्या शिलकीमुळे डोंगराकडे निर्धास्त मनाने पाहता येतं.

3. रविवारचा डोंगर वेगळा, रोजचा वेगळा

पहिले चार महिने मी अधाशासारखी हिंडले. प्रत्येक गुरुवारी नवा किल्ला : वैराटगड, कल्याणगड, पांडवगड, चंदन-वंदन. यादीतली नावं खोडली जात होती आणि मी दमत होते. शहरातून येताना आणलेली घाई होती ती. आजचा दिवस हुकला तर पुढचा महिनाभर डोंगर नाही, अशी.

मग एका पावसाळ्यात सगळं थांबवून फक्त अजिंक्यताऱ्याची एकच वाट धरली. ती वाट मी आता बारा महिन्यांची ओळखते. फेब्रुवारीत काटेसावर आणि पांगारा लाल होतात. मेअखेर वळवाच्या पहिल्या सरीनंतर दगडांच्या फटींतून हिरवे कोंब वर येतात. सप्टेंबरात सोनकीने उतार पिवळे होतात, आणि डिसेंबरात गवत वाळून वाऱ्यावर सळसळायला लागतं. एकाच जागी शंभर वेळा गेल्यावर जे दिसतं ते शंभर जागी एकेकदा जाऊन मला दिसलं नव्हतं. जवळ राहण्याचा खरा लाभ हाच, आणि तो हाती यायला वर्ष जावं लागतं.

4. एकाच वेळी, एकाच जागी दिसत राहा

एकटेपणाबद्दल कुणी आधी बोलत नाही. कारखान्यातली माणसं चांगली होती, पण सुट्टी झाली की प्रत्येकाला आपलं घर, शेत, भावकी, जत्रा. मला शनिवारी रात्री फोन करावा असं गावात कुणी नव्हतं. दिवाळीला आठवडा उरला असताना मी परत जाण्याचा विचार केला होता.

साताऱ्यात पहाटे अजिंक्यतारा चढणारी माणसं पुष्कळ. दुसरी पाळी असली की मी पावणेसहाला निघायचे. पहिला महिना नुसती मान हलवली जायची. मग सत्तरीच्या एका आण्णांनी विचारलं, "ताई, कुठल्या म्हणायच्या तुम्ही?" डोंबिवली म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे आता साताऱ्याच्या." पुढे मंगळाईच्या देवळापाशी टेकायला पाच-सहा जणांचा कट्टाच झाला. निवृत्त शिक्षिका, पेढ्यांच्या दुकानातले काका, पोलीस भरतीची तयारी करणारी दोन मुलं. गॅस सिलिंडर कुठे लवकर मिळतो इथपासून कोणते डॉक्टर रात्री फोन उचलतात इथपर्यंत सगळं मला त्या कट्ट्याने दिलं. ओळख काढायला वेगळं कौशल्य लागत नाही. रोज त्याच वेळी त्याच जागी दिसलात की गाव स्वतःहून विचारतं.

5. बरोबर येणाऱ्या माणसाचं गावही तेच असायला हवं

दुसऱ्या वर्षी आई राहायला आली. डोंगर माझी आवड. तिचे गुडघे दुखतात. तिला इथे काय मिळेल, हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला नव्हता, ही माझी चूक. पहिले दोन महिने ती खिडकीपाशी बसून असायची.

मग शेजारच्या काकू तिला भजनी मंडळात घेऊन गेल्या. एकदा आम्ही सज्जनगडला गेलो. बऱ्याच उंचीपर्यंत गाडी जाते, पुढच्या पायऱ्या ती थांबत थांबत चढली. समर्थ रामदासांच्या समाधीपाशी बसून मग तिने खाली उरमोडी धरणाच्या पाण्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "तू इथे का आलीस ते आज कळलं." आता दासनवमीच्या दिवसांत ती मंडळाबरोबर गडावर जाते. घरातलं प्रत्येक माणूस त्या गावात दिवसाचे बारा तास काय करणार, हे कागदावर लिहून काढा. दवाखाना, बाजार आणि बोलायला माणसं या तीन गोष्टी चालत जाण्याच्या अंतरावर हव्यात.

6. निघताना सांगून जा

ऑगस्टमध्ये एका दुपारी ओढ्याकाठच्या खडकावर शेवाळावरून माझा पाय घसरला. घोटा सुजला, मोबाईलला रेंज नव्हती आणि मी कुणालाही काही न सांगता निघाले होते. नेहमीचीच वाट, असं वाटलं होतं. दोन तास सरपटत, काठी टेकत रस्त्याला लागले तेव्हा म्हशी घेऊन परतणाऱ्या एका मावशींनी मला घरी नेलं, हळद-तेल लावलं आणि रागावल्या, "एकटं यायचं तर निदान वस्तीवर सांगून तरी जायचं."

तेव्हापासून चार नियम पाळते. कुठे चालले आणि किती वाजता परतेन, ते आईला आणि वाटेतल्या शेवटच्या घरात सांगायचं. पावसात ओढा फुगलेला दिसला की तिथूनच मागे फिरायचं. कड्याला आग्या मोहोळ असेल तिथे अत्तर, धूर, आरडाओरडा काहीही नको. आणि वाटेवर भेटणारा गुराखी 'आज जाऊ नका' म्हणाला तर कारण न विचारता ऐकायचं. 2021 च्या जुलैत याच जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या आंबेघर आणि मिरगावात दरडी कोसळून माणसं गेली. पिढ्यान्‌पिढ्या डोंगरात राहणाऱ्यांवरही ही वेळ येते, आपण तर कालचे.

7. पठाराचं पाणी आपल्या नळाला येतं

2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास पठाराचं नाव जागतिक वारसा यादीत गेलं. ऑगस्टअखेरीपासून सप्टेंबरभर तिथे तेरडा, गेंद आणि जांभळी सीतेची आसवं फुलतात. टोपली कारवी साधारण सात वर्षांतून एकदा बहरते. मी पहिल्या वर्षी तिथे पाहुण्यासारखी गेले, फोटो काढले, परतले.

पुढच्या वर्षी पठारावर काम करणाऱ्या एका स्थानिक ताईंनी वाकून माती दाखवली. काळ्या-तांबड्या जांभ्या खडकावर बोटभर जाडीचा थर, कुठे तेवढाही नाही. त्या थरात चार महिने पाणी साचतं आणि त्यावर ही सगळी फुलं जगतात. एक पाऊल पडलं की तिथली माती दबते, पुढच्या वर्षी तिथे फूल येत नाही. मग त्यांनी पलीकडच्या कास तलावाकडे हात केला. ब्रिटिश काळातल्या त्या तलावाचं पाणी उताराने शहराच्या पश्चिम भागात येतं, आमच्या पेठेतल्या नळालाही. त्या दिवशी घरी येऊन पेला भरताना मी थांबले. आता मुंबईहून मैत्रिणी आल्या की त्यांना मधल्या वारी आणते, नोंदणी करून, आखलेल्या वाटेवरूनच चालवते, आणि आधी घरचं पाणी पाजते.

8. आपलं रान हे कुणाचं तरी उठलेलं गाव असतं

वासोट्याच्या किल्ल्यावर जायचं तर बामणोलीहून कोयनेचा शिवसागर जलाशय ओलांडावा लागतो. वनखात्याची परवानगी, पिशवीतल्या प्लास्टिकची मोजणी, मग तासाभराहून जास्त लाँच, आणि पुढे दाट जंगल. पाण्यावरची ती शांतता मला पहिल्यांदा स्वर्गासारखी वाटली होती.

लाँच चालवणारे दादा मध्येच म्हणाले, "खाली आमचं शिवार आहे." कोयना धरणाचं पाणी साठलं तेव्हा त्यांच्या आजोबांची भातखाचरं त्याखाली गेली. पुढे अभयारण्य झालं, 2010 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि काठावरच्या आणखी वस्त्या हलल्या. राहिले त्यांनी लाँच घेतल्या. त्या धरणाच्या विजेवर मी मुंबई परिसरात लहानाची मोठी झाले, आणि निवांतपणासाठी त्याच पाण्यावर आले होते. त्यानंतर या भागात गेले की जेवण तिथल्याच घरात सांगते, भाड्यात घासाघीस करत नाही, आणि गावाच्या जुन्या जागांची नावं विचारून वहीत लिहून ठेवते. नव्या गावात येणाऱ्याने तिथून कोण गेलं हेही माहीत करून घ्यावं.

9. गाव आपलं झाल्याची खूण

फेब्रुवारी ते मे हे इथल्या डोंगरांवर वणव्याचे दिवस. कुणी टाकलेली विडी, कुणी चांगलं गवत येईल या समजुतीने लावलेली काडी. आग एका रात्रीत अख्खा उतार खाते. रोपं जातात, जमिनीवरची घरटी जातात, आणि उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात वाहून जाते.

पहिले दोन उन्हाळे मी गच्चीतून त्या लाल रेषा पाहिल्या आणि हळहळले. तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये रात्री साडेनऊला फोन वाजला. कट्ट्यावरचा भरतीवाला मुलगा होता. "ताई, यवतेश्वरच्या अंगाला लागलीय. बूट घाला, सुती कपडे घाला, पाणी घ्या. येताय ना?"

आम्ही चौदा जण होतो. ओल्या डहाळ्यांनी ज्वाळा झोडपायच्या, वाऱ्याच्या पाठीकडून पुढे सरकायचं, पुढच्या बाजूला गवत खरवडून जाळरेषा काढायची. काय करायचं हे मला आण्णा खालून ओरडून सांगत होते. आता गुडघ्यांमुळे ते वर येऊ शकत नव्हते, पण टॉर्च धरून उभे होते. दीडच्या सुमारास शेवटची ठिणगी विझली. तोंडं काळी, घसा कोरडा. खाली शहराचे दिवे पसरले होते आणि त्यांत आमची पेठ मला शोधावी लागली नाही, नजर आपसूक तिथे गेली.

जुलैत त्याच उतारावर आम्ही वड, जांभूळ आणि आवळ्याची रोपं लावली. त्यातल्या एका जांभळाला उन्हाळ्यात पाणी घालायचं काम माझ्याकडे आहे. दर गुरुवारी दोन बाटल्या घेऊन जाते. ते आता माझ्या खांद्याला लागतं.