अँटीबॉडी वाढल्या, गाठ दिसली, पुढे काय?

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून थायरॉइडची गोळी घेते. अँटीबॉडी फार वाढल्या आहेत, साखर सीमेवर आहे, आणि सोनोग्राफीत ८ मिलिमीटरची गाठ निघाली. हा कर्करोग तर नव्हे? आयोडीनचे मीठ बंद करू का?
– एक गृहिणी, बोरीवली (पूर्व)

उत्तर : भगिनी, थायरॉइडच्या बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात, आणि अँटीबॉडीचा आकडा कर्करोगाचा दाखला नव्हे. अँटीबॉडी फार वाढण्यामागे बहुधा हाशिमोतो विकार असतो. जपानी शल्यविशारद हाशिमोतो यांनी १९१२ साली वर्णिलेल्या या विकारात शरीराची रक्षक यंत्रणाच ग्रंथीवर चाल करून जाते, ग्रंथी खडबडीत होते, आणि सोनोग्राफीत कधी कधी गाठीचा नुसता आभासही होतो. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) दीर्घकाळ चढे राहिल्यास, तसेच स्थूलता व इन्सुलिनला होणाऱ्या अवरोधामुळे रक्तात इन्सुलिन वाढल्यास, ग्रंथीच्या पेशींना वाढीची चिथावणी मिळते, असे संशोधकांचे अनुमान आहे. म्हणून वजन व साखर आटोक्यात ठेवणे इष्टच, मात्र तेवढ्याने गाठ विरेल असा भरवसा कोणी देऊ नये.

एक सेंटिमीटरहून लहान गाठीला, सोनोग्राफीत संशयास्पद खुणा नसल्यास, सुईची तपासणी सहसा लागत नाही. डॉक्टर सांगतील त्या मुदतीने पुन्हा सोनोग्राफी पुरते. मीठ चालू ठेवा. आयोडीनच्या वा समुद्रशैवालाच्या गोळ्या मात्र परस्पर घेऊ नका. थायरॉइडची गोळी अनशापोटी घेऊन चहा अर्ध्या तासाने घ्यावा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्ततपासणीपूर्वी डॉक्टरांना अवश्य सांगा, कारण त्याने अहवाल फसवा येऊ शकतो.

आवाज घोगरा झाला, गिळताना अडू लागले, किंवा गाठ झपाट्याने वाढली, तर पुढील मुदतीची वाट न पाहता तज्ज्ञांना दाखवा.