ॲप तुमचं, पण सातबारा कुणाच्या नावावर? पॅकेज नेम आणि डेव्हलपर अकाउंटचे नियम



मागच्या व्हिडिओनंतर सेनगाव तालुक्यातल्या एका दादांचा फोन आला. हळद पावडर आणि मसाल्यांचा धंदा आहे, ऑर्डर घ्यायला ॲप बनवून घेतलंय, प्ले स्टोअरवर दिसतंय. मी विचारलं, "डेव्हलपर अकाउंट कुणाच्या नावावर आहे?" ते म्हणाले, "अकाउंट म्हणजे? ॲप तर माझंच आहे की मॅडम. पैसे मी मोजलेत."

इथेच खरी गडबड आहे. घराचे पैसे तुम्ही दिले, पण सातबारा गवंड्याच्या नावावर चढला, तर घर कुणाचं? ॲपचंही तसंच आहे. म्हणून आज दोनच गोष्टी नीट समजून घेऊ: पॅकेज नेम आणि डेव्हलपर अकाउंट. ॲप बनवायला देण्याआधी या दोन्ही ठरल्या पाहिजेत.

आधी माझीच चूक सांगते

माझ्या दुकानाचं पहिलं ॲप मी एका ओळखीच्या डेव्हलपरकडून करून घेतलं होतं. तो म्हणाला, "ताई, माझ्या अकाउंटवरच टाकतो, तुमचे 25 डॉलर वाचतील." मला बरंच वाटलं. पुढे त्याच अकाउंटवरच्या दुसऱ्या कुणाच्या तरी ॲपमध्ये नियमभंग निघाला आणि त्याचं अख्खं अकाउंट बंद झालं. त्यात माझंही ॲप गेलं. रेटिंग गेलं, रिव्ह्यू गेले. ज्यांच्या फोनमध्ये जुनं ॲप होतं, त्यांना अपडेट पाठवायचा रस्ताच उरला नाही. उधारीच्या वहीत जे नंबर होते, त्यांना एकेकाला फोन करून सांगावं लागलं, "जुनं काढा, नवं टाका." ज्यांचे नंबर वहीत नव्हते ते ग्राहक सुटले ते सुटलेच.

मी बीबीएला ब्रँडिंग शिकले, अकाउंटिंग शिकले. पण हे कुणी शिकवलं नव्हतं. तुम्ही तरी आधीच शिकून घ्या.

पॅकेज नेम म्हणजे काय?

प्ले स्टोअरवर ॲपचं जे नाव दिसतं, ते दुकानाची पाटी. ती कधीही बदलता येते. फक्त ते 30 अक्षरांत बसलं पाहिजे आणि त्यात इमोजी, 'बेस्ट', 'नंबर 1', 'फ्री' असले शब्द चालत नाहीत.

पॅकेज नेम मात्र गाडीच्या चेसिस नंबरसारखं. गाडीला रंग द्या, मालक बदला, दुसऱ्या राज्यात नेऊन नंबर प्लेट बदला. चेसिस नंबर तोच. ॲप एकदा प्रकाशित झालं की पॅकेज नेम बदलता येत नाही. सगळ्या प्ले स्टोअरमध्ये ते एकाच ॲपचं असतं आणि ॲप काढून टाकलं तरी ते नाव दुसऱ्या ॲपला पुन्हा वापरता येत नाही.

असं का? कारण तुमचा फोन ॲपला ओळखतो तो पॅकेज नेम आणि डिजिटल सही, या दोन गोष्टींवरून. दोन्ही जुळलं तरच फोन म्हणतो, "हे जुन्याच ॲपचं अपडेट आहे." नाव बदललं की त्याच्या लेखी ते परकं ॲप. जुनं तसंच राहतं, नवं शेजारी येऊन बसतं आणि डाउनलोड, रेटिंग सगळं शून्यापासून.

उदाहरण बघा. ग्रोफर्स कंपनीने डिसेंबर 2021 मध्ये नाव बदलून ब्लिंकिट केलं. पाटी बदलली, रंग बदलला; पण ॲपचं पॅकेज नेम 'कॉम.ग्रोफर्स.कस्टमरॲप' असंच राहिलं. ट्विटरचं 2023 मध्ये एक्स झालं, पण आत अजून 'कॉम.ट्विटर.अँड्रॉइड'च. गूगल पे भारतात 2017 ला 'तेज' नावाने आलं, 2018 ला नाव बदललं. त्याच्या पॅकेज नेममध्ये चक्क 'पैसा' हा शब्द आहे! (खरं पॅकेज नेम इंग्रजी लहान अक्षरांत असतं, मी इथे वाचायला सोपं म्हणून मराठीत लिहिलंय.)

यातून एक दिलासाही घ्या. पॅकेज नेम ग्राहकाला सहसा दिसत नाही. त्यात एखादा जुना शब्द राहिला म्हणून धंदा बुडत नाही. पण जे आयुष्यभर राहणार आहे, ते पहिल्याच दिवशी नीट ठेवायला काय जातं?

नाव कसं ठेवायचं?

नियम सोपे आहेत:

1. नावात किमान दोन भाग हवेत, मध्ये टिंब.
2. प्रत्येक भागाची सुरुवात इंग्रजी अक्षरानेच.
3. फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर. स्पेस नाही, आडवी रेघ नाही, मराठी अक्षरं नाहीत.
4. 'कॉम.एक्झाम्पल' ने सुरू होणारं नाव प्ले स्टोअर घेत नाही. ते फक्त सरावासाठी असतं.

रीत अशी की आपल्या वेबसाइटचं नाव उलटं लिहायचं. समजा वेबसाइट आहे 'माझंदुकान डॉट इन', तर पॅकेज नेम 'इन.माझंदुकान.ग्राहक'. भीम ॲपचं असंच आहे: 'इन.ओआरजी.एनपीसीआय.यूपीआयॲप'. वेबसाइट नसली तरी नाव ठेवता येतं, पण डोमेन आपल्या नावावर घेऊन ठेवलेलं बरं. म्हणजे दुसऱ्याच्या नावाशी गल्लत होत नाही.

आता काय टाळायचं ते लिहून घ्या. डेव्हलपरच्या कंपनीचं नाव टाळा. उद्या डेव्हलपर बदलेल, नाव राहील. 'टेस्ट', 'डेमो', 'न्यू', 'व्ही2' टाळा. वर्ष टाळा. आणि एकाच मालाचं नाव टाळा. आज वसमतची हळद विकताय म्हणून 'हळद' टाकलं, उद्या मिरची, धने, गूळ आला की ते कपडे तोकडे पडणार. दुकानाचं नाव टाका, मालाचं नको.

अकाउंट: पर्सनल की ऑर्गनायझेशन?

गूगल प्लेच्या डेव्हलपर अकाउंटची फी 25 डॉलर, आयुष्यात एकदाच. ॲपलची मात्र दरवर्षी 99 डॉलर. गूगलला प्रीपेड कार्ड चालत नाही आणि डेबिट कार्डवर परदेशी व्यवहार सुरू आहे का, ते आधी बँकेत विचारा. ओळखपत्राची पडताळणी होते, फोन आणि ईमेलची होते.

*पर्सनल अकाउंट:* तुमचं कायदेशीर नाव, देश आणि ईमेल लोकांना दिसतं. ॲपमधून कमाई करणार असाल तर पूर्ण पत्ताही दिसतो. घरातून धंदा करणाऱ्या ताईंनी हे आधीच लक्षात घ्या. शिवाय 13 नोव्हेंबर 2023 नंतर काढलेल्या पर्सनल अकाउंटला आधी क्लोज्ड टेस्ट करावी लागते. सुरुवातीला 20 जण लागायचे, डिसेंबर 2024 पासून किमान 12. हे 12 जण सलग 14 दिवस टेस्टमध्ये टिकले पाहिजेत. त्यानंतर अर्ज, मग मंजुरी. म्हणजे दिवाळीला ॲप सुरू करायचंय आणि वसुबारसेला अकाउंट काढताय, तर ते जमणार नाही. दसऱ्याच्याही आधी लागा.

*ऑर्गनायझेशन अकाउंट:* यासाठी डन अँड ब्रॅडस्ट्रीटचा डन्स नंबर लागतो. तो मोफत मिळतो, पण यायला 30 दिवसांपर्यंत लागू शकतात. नाव आणि पत्ता दोन्हीकडे सारखाच हवा. 12 जणांची अट इथे नाही. कर्ज किंवा पैशांच्या सेवा, वैद्यकीय ॲप, व्हीपीएन, सरकारी ॲप अशा प्रकारांना हेच अकाउंट घ्यावं लागतं. बचत गटासाठी कर्जाचं ॲप काढायचं मनात असेल तर पर्सनलवर वेळ घालवू नका.

चाव्या आपल्याच कमरेला

अकाउंट तुमच्या जीमेलवर काढा. धंद्यासाठी वेगळा जीमेल करा, टू-स्टेप सुरू करा, रिकव्हरी नंबर स्वतःचा द्या. डेव्हलपरला पासवर्ड देऊ नका. प्ले कन्सोलमध्ये 'युजर्स अँड परमिशन्स' मधून त्याला त्याच्या ईमेलवर आमंत्रण द्या, कामापुरती परवानगी द्या. काम संपलं की काढून घ्या. त्याने वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही. दुकानातल्या पोराला आपण गल्ल्याची चावी देतो, घराचं खरेदीखत नाही देत.

काम पूर्ण झाल्यावर सोर्स कोड, अपलोड की ची फाइल आणि तिचा पासवर्ड मागून घ्या. ऑगस्ट 2021 पासून नव्या ॲपची मुख्य सही गूगलकडे राहते, त्यामुळे अपलोड की हरवली तर अकाउंटचा मालक नवी मागू शकतो. नीट वाचा: *अकाउंटचा मालक.* तो तुम्ही असाल तरच.

ॲप आधीच दुसऱ्याच्या अकाउंटवर आहे?

घाबरू नका, रस्ता आहे. स्वतःचं अकाउंट काढा. फी भरल्याची पावती जपा, कारण त्यावरचा ट्रान्झॅक्शन आयडी लागतो. मग डेव्हलपरला त्याच्या कन्सोलमधून ॲप ट्रान्सफरची विनंती करायला सांगा. पॅकेज नेम तेच राहतं आणि ग्राहक, रेटिंग, रिव्ह्यू सगळं सोबत येतं. पण विनंती त्यालाच करावी लागते. म्हणून संबंध गोड आहेत तोवरच हे उरका. शेवटचा हप्ता ट्रान्सफर झाल्यावरच द्या.

"मी प्ले स्टोअरवर जातच नाही, व्हॉट्सॲपवर फाइल पाठवतो," असं म्हणणाऱ्यांसाठी: गूगलने ऑगस्ट 2025 मध्ये जाहीर केलंय की स्टोअरबाहेरच्या ॲपसाठीही डेव्हलपरची ओळख पडताळली जाईल आणि पॅकेज नेम नोंदवावं लागेल. सुरुवात सप्टेंबर 2026 ला ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, 2027 पासून टप्प्याटप्प्याने बाकीच्या देशांत.

आजचा गृहपाठ

1. प्ले स्टोअरवर तुमच्या ॲपचं शेअर बटण दाबा. लिंकमध्ये 'आयडी=' नंतर जे येतं, ते पॅकेज नेम. वहीत लिहा.
2. ॲपच्या नावाखाली डेव्हलपर म्हणून कुणाचं नाव दिसतंय ते बघा.
3. ते नाव तुमचं नसेल, तर आजच फोन लावा.

सेनगावच्या दादांनी त्याच संध्याकाळी फोन लावला. डेव्हलपर चांगला निघाला, ट्रान्सफरला तयार झाला. तुमचाही निघो, पण त्या भरवशावर राहू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत!