जळलेल्या वायूची वाट

गॅसवर पाणी तापविणारा गीझर घरात आला की कुटुंबाची सारी सावधगिरी सिलिंडरपाशी एकवटते. रेग्युलेटर नीट बसला आहे काय, रबरी नळीला चीर पडलेली नाही ना, वास येत नाही ना, हे वारंवार पाहिले जाते. ही काळजी योग्यच आहे. सिलिंडरमधील वायूला स्वतःचा वास जवळजवळ नसतो; गळती ध्यानात यावी म्हणून त्यात मरकॅप्टन जातीचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. परंतु हे द्रव्य ज्योतीत जळून जाते. म्हणजे नाक सूचना देते ती न जळलेल्या वायूची. जळून गेलेल्या वायूविषयी ते काहीच सांगत नाही, आणि दार लावलेल्या न्हाणीघरात स्नान करणारा माणूस भोवळ येऊन पडतो तो या दुसऱ्या वायूमुळे.

हे कसे घडते ते थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. सिलिंडरमधील वायू मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन यांचा बनलेला असतो. त्याचा एक किलोग्रॅम पूर्णपणे जळण्यास सुमारे १३ घनमीटर हवा लागते. दर मिनिटास ६ लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसने तापविणारा गीझर तासाला साधारण एक किलोग्रॅम वायू जाळतो. आता १.२ मीटर रुंद, १.८ मीटर लांब आणि २.४ मीटर उंच असे न्हाणीघर घेतले, तर त्यात पाच घनमीटरांहून किंचित अधिक हवा मावते. खोली सर्व बाजूंनी बंद असेल, तर तेवढ्या हवेतील प्राणवायू अवघ्या २४ मिनिटांच्या ज्वलनाला पुरेल. ज्योत मात्र इतका वेळ निर्वेध जळत नाही. हवेतील प्राणवायूचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास उतरले की ज्वलन बिघडू लागते, आणि वरील हिशेबाने ही पातळी तीन-चार मिनिटांतच गाठली जाते. प्रत्यक्षात दाराच्या फटीतून थोडी हवा येत राहते, म्हणून वेळ काहीसा वाढतो. थंडीच्या दिवसांत झरोक्याला पुठ्ठा लावला आणि दाराखाली फडके सरकविले, की हाही आधार जातो.

अपुऱ्या हवेत जळणाऱ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. या वायूला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९५च्या सुमारास हा वायू स्वतःच्या श्वासावाटे घेऊन त्याच्या परिणामांची नोंद केली होती. डोके दुखते, मळमळते, आणि पायांतील बळ जाते. याच कारणाने, आपल्याला काहीतरी होत आहे हे समजले तरी हाताच्या अंतरावरची कडी काढणे माणसाला जमेलच असे नाही. भारतातील मज्जाविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांचे वर्णन ‘गॅस गीझर सिंड्रोम’ या नावाने केले आहे. न्हाणीघरात झटके येऊन पडलेल्या रुग्णाला अपस्मार झाल्याचा समज सहज होतो. पाणी कशावर तापविले होते, एवढा एक प्रश्न विचारला नाही तर रुग्ण औषधे घेऊन त्याच न्हाणीघरात परततो.

बेंजामिन वॅडी मॉघन याने लंडनमध्ये १८६८ साली गीझरचे पेटंट घेतले, तेव्हा त्या यंत्राला जळलेला वायू बाहेर नेणारी नळी नव्हतीच. पुढे ती आली. परंतु नळी जोडली म्हणजे काम झाले असे मानणे चुकीचे आहे. तापलेला वायू हलका होऊन वर चढतो, हीच नळीतील ओढ. आतील वायू १५० अंशांवर आणि बाहेरची हवा ३० अंशांवर असताना ३ मीटर उंचीच्या उभ्या नळीत मिळणारी ही ओढ जेमतेम १० पास्कल भरते. म्हणजे एक मिलिमीटर जाडीच्या पाण्याच्या थराचा जेवढा भार, तेवढीच. इतक्या दुबळ्या ओढीला हरविण्यास वादळ लागत नाही. दारे-खिडक्या बंद करून स्वयंपाकघरातील पंखा बाहेर हवा फेकू लागला, की त्या हवेची भरपाई घर कुठून तरी करून घेते, आणि गीझरची नळी हा सर्वांत सोपा मार्ग ठरू शकतो. मग जे बाहेर जायचे ते आत येते. नळीला एकामागून एक वळणे दिली, ती आडवी लांबवर नेली किंवा मध्येच अरुंद केली, तर ओढ आणखी क्षीण होते.

नळीचे तोंड कोठे उघडते, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. आपल्या शहरांतील बहुमजली इमारतींत न्हाणीघरांच्या खिडक्या एका अरुंद डक्टमध्ये उघडतात, आणि नळीचे तोंडही सोयीसाठी तिथेच काढले जाते. पावसाचे पाणी येऊ नये म्हणून डक्टवर पत्रे टाकलेले असले, तर खालच्या मजल्यावरचा जळलेला वायू वरच्या मजल्यावरील खिडकीतून आत शिरतो. तेथील कुटुंबाकडे गॅसचा गीझर असेलच असे नाही.

नळी फार मोठी असूनही चालत नाही. उत्तर अमेरिकेतील जुन्या घरांत घर तापविणारी भट्टी आणि पाणी तापविणारी टाकी यांना पुष्कळदा एकच धुराडे असे. नवी, अधिक कार्यक्षम भट्टी आली की तिचा वायू वेगळ्या नळीने भिंतीबाहेर सोडतात आणि जुन्या धुराड्यात एकटी टाकी उरते. तिची उष्णता एवढ्या मोठ्या धुराड्याला पुरत नाही. वायू वाटेतच निवतो, त्यातील वाफेचे आम्लयुक्त पाणी होऊन विटांचे सांधे कुरतडते, आणि प्रसंगी वायू मागे फिरतो. तेथे धुराड्यात कमी व्यासाची धातूची नळी घालणे हा रूढ उपाय आहे.

भारतीय हवामानात याहून सोपा मार्ग उपलब्ध आहे. गीझर मोकळ्या गॅलरीत बसवून केवळ गरम पाणी आत आणावे. नळात पाण्याची उष्णता थोडी वाया जाईल, तेवढा तोटा सोसण्याजोगा आहे. गीझर आत ठेवणे भागच असेल, तर ज्वलनासाठी हवा बाहेरून घेऊन जळलेला वायू बाहेरच सोडणारी बंदिस्त रचना सर्वांत विश्वसनीय. प्राणवायू घटताच ज्योत विझविणारी योजना काही गीझरांत असते, आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी उपकरणेही मिळतात. परंतु ही साधने वायूला वाट करून देत नाहीत.

नळीची ओढ तपासण्यास उदबत्ती पुरते. घराची दारे-खिडक्या लावून सर्व बाहेरफेकू पंखे चालू करावेत, गीझर पेटवून काही मिनिटे थांबावे, आणि नळीच्या बुडाशी जेथे हवा आत ओढली जाते तेथे उदबत्ती धरावी. धूर आत खेचला गेला तर ओढ आहे. तो खोलीत परतला तर गीझर ताबडतोब बंद करून खिडक्या उघडाव्यात, आणि नळीची रचना जाणकाराकडून सुधारून घेईपर्यंत पाणी चुलीवर किंवा विजेवर तापवावे.