मननाची पायरी

पवित्र शास्त्राच्या वाचनाच्या चार पायऱ्या १२ व्या शतकात गीगो नावाच्या मठवासी संन्याशाने सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना व ध्यान. ही साधना मुख्यत्वे मठातच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सर्वच श्रद्धावंतांना प्रार्थनापूर्वक बायबल वाचण्याचे आवाहन केले. आमच्या वसईत घरोघर जपमाळ होतीच. पुस्तक मात्र ज्याला वाचता येईल त्याच्या हाती. आमच्या घरी ते माझ्या हाती आले. आईला अक्षरओळख नाही.

खरे सांगायचे तर मला पहिली पायरीच तेवढी जमते. परीक्षेच्या अभ्यासासारखे मी भरभर वाचते.

गेल्या उपवासकाळातील पहिल्या आठवड्याचा शुक्रवार. त्या दिवशीचे वाचन मत्तयच्या पाचव्या अध्यायातले. वेदीपाशी अर्पण आणल्यावर, भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असा त्याचा आशय. मी पुस्तक मिटून जपमाळ घेतली.

आई म्हणाली, "थांब. परत वाच."

विहिरीच्या पाण्यावरून धाकट्या काकांशी आमचे तीन वर्षे बोलणे नव्हते. दुसऱ्यांदा वाचताना मी अडखळले. येथे राग आपला नव्हे, भावाचा आहे! आणि त्यांचा पंप बंद केला होता तो आम्हीच.

आईने पदर सारखा केला, चपला घातल्या.

त्या रात्री जपमाळेला नऊ वाजून गेले. काकू आमच्यात बसल्या होत्या. काका मात्र अंगणातच उभे होते.