लिव्हर अडला तर जोर लावू नका

प्रश्न : वडिलांचा जुना ३५ मिमी कॅमेरा वापरतेय. ३६ फोटो झाले आणि लिव्हर अर्ध्यात अडला. जोर लावू का?

उत्तर : मुळीच नको, रोल संपलाय. फिल्मचं टोक डबीतल्या रिळाला चिकटवलेलं असतं; ओढलंत तर ते सुटेल, नाहीतर कडेची भोकं फाटतील. तळाचं छोटं बटण दाबा, म्हणजे दातेरी चक्र मोकळं होईल. मग डावीकडची घडीची कडी उघडून बाणाच्या दिशेने सावकाश फिरवा. कोरड्या हवेत घाई केली तर स्थिर विजेच्या ठिणग्यांनी फिल्मवर रेघा उमटतात. हात एकदम हलका पडला की मगच झाकण उघडा. नवा रोल भरल्यावर ढील काढून लिव्हर ओढा. कडी आपोआप फिरली नाही, तर फिल्म पुढे सरकतच नाहीये. लग्नाचे फोटो असेच कोरे जातात!