संस्थेचा संगणक व दप्तराची दुसरी प्रत

केंद्र शासनाने २०२२ साली ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. त्या प्रणालीतील हिशेब मध्यवर्ती साठ्यात राहतात. परंतु सभांचे ठराव, अर्ज, पत्रव्यवहार असे बरेच दप्तर पुष्कळदा कार्यालयातील संगणकातच असते. तो बिघडल्यास सभासदाच्या हक्काचा पुरावा नाहीसा होतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या घातक प्रणालीने अनेक देशांतील संगणकांचे दप्तर कुलूपबंद करून खंडणी मागितली होती.

यावरील उपायांस तज्ज्ञाची आवश्यकता नाही. संचालक बंधूंनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. दर आठवड्यास दप्तराची प्रत सुट्या डिस्कवर घ्यावी. नंतर डिस्क संगणकापासून काढून दुसऱ्या इमारतीत कुलपात ठेवावी.

२. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न तपासलेली प्रत ही उगवणशक्ती न तपासलेल्या बियाण्यासारखीच होय.

३. परवलीचे शब्द मोहोरबंद लिफाफ्यात अध्यक्षांच्या स्वाधीन असावेत. सचिव बदलताच ते बदलावेत.

ही कामे कोणी करावयाची, याचा ठराव येत्या मासिक सभेतच करून घ्यावा.